जोडलं की कान काढायचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेने दिलेली ही वही तीन महिने कोरीच पडून होती. सकाळी गोळी, दुपारी डुलकी, संध्याकाळी वाळलेले कपडे काढणं, यात लिहायचं काय? आज मात्र घडलं.

साडेअकराला फोन वाजला. नंबर अनोळखी. पण नुसत्या "हॅलो"वरून मला कळलं, माणूस चाळिशीतला, झोप न झालेला आणि उभ्याने बोलणारा. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर एकतीस वर्षं काढली आहेत. चेहऱ्याला फसेन, आवाजाला नाही.

"मावशी, तुम्ही नऊ नंबर ना? मी सात नंबरचा भाचा."

नऊ नंबर! या नावाने मला किती वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. बोर्डावर आम्हा बाराजणींना नावं नव्हतीच. ज्या खुर्चीवर बसायचं, तो नंबर म्हणजे आपण. लग्नं झाली, आडनावं बदलली, नंबर तेच राहिले. सात नंबर माझ्या डावीकडे. मधली आठ नंबर वर्षातले सहा महिने रजेवर, म्हणून आम्ही दोघी शेजारणीच.

भाचा म्हणाला, आत्याच्या घशाचं मोठं दुखणं निघालंय. आवाज पार गेला. महिन्याभरात ऑपरेशन करायला हवं. खर्च आवाक्याबाहेरचा, त्यात त्याचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलेलं. हल्ली म्हणे फोनवर मदतीचं पान काढता येतं. त्यावर आवाहन टाकायचं, ओळखीचे-अनोळखी जमेल तसं देतात.

"पण मावशी, नुसता फोटो बघून कोण देतंय? आत्याला आवाज नाही. तुम्ही तिचा आवाज व्हा."

सात नंबरचा आवाज गेला! आमच्यातला सगळ्यात गोड आवाज. गिऱ्हाईक भांडायला फोन उचलायचं आणि तिचं "बोला" ऐकून काय भांडायचं ते विसरायचं.

मी म्हटलं, तिला आधी फोन करते. तो घाईने म्हणाला, "नको मावशी. बोलता येत नाही ना, फोन दिसला तरी डोळ्यांत पाणी येतं तिच्या." बरोबर आहे बिचारीचं. मला सुचायला हवं होतं.

शेवटची भेट आठ नंबरच्या मुलीच्या लग्नात. सुनेने हिशेब करून सांगितलं, अकरा वर्षं झाली. मला वाटत होतं चार-पाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलणं रेकॉर्ड केलं. सुनेने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फोन उशीवर ठेवला. सहा वेळा करावं लागलं. पहिल्या वेळी मी सवयीने "नंबर प्लीज" म्हणून बसले. सून हसून हसून खाली बसली.

मग बोलत गेले आणि मलाच थांबवेना. तो लांबट हॉल, उंच खुर्च्या, समोर भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की दोरी घालायची, नंबर विचारायचा, दुसरी दोरी पलीकडे. छातीवर बोलायचा भोंगा, डोक्यावरून कानाला ऐकायचा पट्टा. पट्ट्यामुळे बाराहीजणींच्या भांगात सारखीच खाच. बाहेरगावचा कॉल असला की तीन मिनिटांनी मधे शिरून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" समोरचा नेमका त्याच क्षणी मुद्द्यावर आलेला असायचा.

सुपरवायझरबाई पाठीमागून फिरायच्या, रबरी तळव्याच्या चपला घालून. त्यांचं एकच पालुपद: "पोरींनो, जोडलं की कान काढायचा. दुसऱ्याचं बोलणं म्हणजे दुसऱ्याचं ताट. आपण वाढायचं आणि उठायचं." भिंतीवर पाटीही होती. आम्ही तो नियम देवासारखा पाळला. गावातले किती संसार माझ्या दोन बोटांमधून गेले असतील, पण एकाचंही गुपित मला माहीत नाही.

आणि आमच्या टिचक्या! बोलायची बंदी, म्हणून भोंग्यावर नखाने टिचकी मारून एकमेकींच्या कानात निरोप. एक म्हणजे हो, ऐकतेय. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे बाई मागे उभ्या आहेत, गप्प. या टिचक्या सात नंबरनेच शोधून काढल्या होत्या.

हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "तिने आयुष्यभर तुमचे आवाज जोडले. आज तिचा तुटलाय." हे वाक्य माझं नाही, भाच्याने सुचवलं होतं. बरं होतं, म्हणून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस फोन खाली ठेवायला सवड नाही. माझं बोलणं कुठून कुठे गेलं! एका निवृत्त डॉक्टरांनी लिहिलंय, "मुलगा झाल्याची बातमी मला तुमच्यापैकीच कुणीतरी जोडून दिली होती." एक बाई परदेशातून म्हणाल्या, त्यांचे वडील फोन ठेवताना ऑपरेटरलाही "बरंय बाळ" म्हणायचे. मला आठवतात ते! खरंच आठवतात.

पानावर एक हिरवी पट्टी आहे. पैसे येतील तशी भरत जाते. सून दर तासाला येऊन सांगते, "आई, पाव झाली." "आई, अर्ध्याला टेकली."

संध्याकाळी चार नंबरचा फोन. ही कायम लिंबू पिळलेल्या आवाजात बोलते.

"काय गं नऊ, स्टार झालीस म्हणे."

"तुला काय जळायला झालं?"

"जळत नाही, विचारते. कागद बघितलेस का?"

"कसले कागद?"

"डॉक्टरचे. का नुसतं भाच्याने सांगितलं आणि तू गळा काढलास?"

"मी आवाज ऐकलाय त्याचा. पोरगं खरंच काळजीत आहे."

"काळजीत असेल. काळजी कशाची, ते विचारलंस का?"

चार नंबरचं हे असंच. पूर्वीही डबा उघडताना आधी वास घ्यायची. स्वतःच्या घरचाच डबा!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाच्याला दुसरं बोलणं हवं होतं. "मावशी, लोकांना आत्याची एखादी गोष्ट सांगा ना. धाडसाची." मग मी त्या सस्पेन्शनची सांगितली.

एका दुपारी गावातल्या एका म्हातारीने लांबच्या बहिणीला कॉल लावला होता. सात नंबरने जोडला. बोलता बोलता म्हातारी गप्प झाली. बहिणीला वाटलं लाईन तुटली, तिने फोन ठेवला. सात नंबरने मात्र कान काढला नाही. सात मिनिटं ती तशीच बसली. मग नंबरावरून पत्ता शोधून दवाखान्याची गाडी पाठवली. म्हातारी वाचली. पण दुसऱ्याची लाईन ऐकणं म्हणजे ऐकणंच, त्यामुळे सात नंबर पंधरा दिवस घरी.

रेकॉर्डमध्ये मी पुढे म्हटलं, "आम्ही सगळ्या तिच्या पाठीशी उभ्या राहिलो."

ही वही माझी आहे, इथे तरी खरं लिहायला हरकत नसावी. कुणी उभं राहिलं नव्हतं. बाईंनी वही पुढे केली, "सात नंबरची ऐकायची कळ सात मिनिटं उघडी होती" याखाली साक्षीदाराची सही हवी होती. शेजारची मी. सही मी केली. खोटं काही नव्हतं त्यात, कळ उघडी होतीच. पण मदतीच्या आवाहनात असलं कोण सांगतं? लोकांचा मूड जातो.

भाचा म्हणाला, "मावशी, काटा आला अंगावर." पट्टी रात्रीतून पाऊण झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज राहवलं नाही. सात नंबरच्या घरचा जुना फोन अजून चालू असणार, खात्याच्या सवलतीतला. नंबर बोटांना पाठ आहे. दुपारी बाराला लावला.

पाच रिंग झाल्यावर उचलला गेला. पलीकडे शब्द नाही, नुसता श्वास, थोडा शिट्टीसारखा. मी म्हटलं, "नऊ नंबर बोलतेय."

आणि टक. एक टिचकी!

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तीस वर्षांनी तेच नख, तोच ठेका. मी विचारलं, "जेवलीस?" एक. "भाचा बघतो ना नीट?" जरा वेळाने एक. "ऑपरेशनची भीती वाटते का गं?" बराच वेळ काही नाही. मग दोन. पुन्हा दोन, जोरात. केवढं धैर्य बाईचं! मी म्हटलं, "काळजी करू नकोस, लोक भरभरून देताहेत, परवा तर त्या सस्पेन्शनची गोष्ट सांगितली मी..." तेवढ्यात टक, टक, टक. तीन. आणि फोन ठेवला गेला.

तीन! बाई मागे उभ्या आहेत! सुनेला सांगताना मला हसू आवरेना. एवढ्या दुखण्यातही तिची थट्टा गेली नाही. संध्याकाळभर घरात मीच भिंतीवर, कपावर, डब्यावर टिचक्या मारत फिरत होते. आज फार छान दिवस गेला.

१ मार्च, शनिवार

पट्टी भरली. पण भाचा म्हणतो, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, आत्या अशक्त आहे, खर्च वाढला. त्याने पट्टीची मर्यादा वाढवली. म्हणजे पट्टी पुन्हा अर्ध्यावर आली. सून म्हणाली, "असं आपलं आपण वाढवता येतं?" येतं म्हणे.

चार नंबरने मागे लागून त्याच्याकडून डॉक्टरच्या कागदाचा फोटो मिळवला. मला फोन:

"बघितलास?"

"बघितला. शिक्का आहे, सही आहे."

"आणि तारखेवर अंगठा आहे. कुणाचा गं?"

"फोटो काढताना धरायला नको का कागद?"

"कागदाला चार कोपरे असतात नऊ. नेमका तोच बरा सापडला."

मी चिडून फोन ठेवला. हिला माणसाचं भलं बघवत नाही. भाच्याला तिसरं बोलणं हवंय. "आत्याची तब्येत बिघडत चालली आहे" असं म्हणा म्हणतो. मी म्हटलं, मंगळवारी करू.

४ मार्च, मंगळवार

रेकॉर्ड करायला बसले. सुनेने खिडक्या लावल्या. "सात नंबरची तब्येत..." म्हणाले आणि थांबले. बिघडत चाललीय हे मी कसं सांगणार? मी तर तिच्याशी बोलले आहे. नख जोरात वाजत होतं. मग म्हटलं, तो फोनचा किस्साच सांगते, लोकांना आवडेल. शेवटी तिने तीन टिचक्या मारून कशी थट्टा केली ते.

ते तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझ्याच आवाजात काहीतरी खोटं ऐकू आलं. रेकॉर्डिंग बंद केलं.

तीनची थट्टा आम्ही कधीच केली नाही. बारा बायका, एकतीस वर्षं. एकची केली, दोनची केली, एकदा चार नंबरने अख्खं गाणं वाजवलं होतं. तीनला कुणी हात लावला नाही. तीन ऐकलं की बोलणारी जागच्या जागी गप्प व्हायची, आणि त्यावर नोकऱ्या टिकून होत्या. तीनची थट्टा झाली असती तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवला नसता. आणि तो नियम घालणारी सात नंबरच होती.

म्हणजे तिच्या मागे कुणीतरी उभं होतं.

आणि ऑपरेशनचं विचारल्यावर दोन. मी भीतीचं विचारलं, म्हणून मला ते धैर्य वाटलं. ती ऑपरेशनलाच "नाही" म्हणत असेल तर?

सून म्हणाली, "आई, चेहरा का असा झालाय?" तिला म्हटलं, खिडक्या उघड.

५ मार्च, बुधवार

ज्या कंपनीचं ते मदतीचं पान आहे तिला फोन केला. आधी यंत्राने एक दाबा, दोन दाबा केलं. आमच्या बाईंनी हे ऐकलं असतं तर चप्पल हाणली असती. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. आवाज स्वच्छ, शिकवून तयार केलेला.

मी विचारलं, "या पानावरचा पेशंट कुणी जाऊन बघितला आहे का?"

"मॅडम, पान काढणाऱ्यांनी कागदपत्रं जोडलेली आहेत."

"ती खरी आहेत का, हे कोण बघतं?"

"मॅडम, आम्ही देणारे आणि गरजू यांना फक्त जोडून देतो. पुढचं त्या दोघांमधलं असतं."

मग ती म्हणाली, "मॅडम, आहात का लाईनवर?"

कशी रागावणार तिला? ते वाक्य माझंच आहे. फक्त तिच्या भिंतीवर पाटी नसेल.

तिला एवढंच म्हटलं, "माझ्या आवाजावर लोकांनी पैसे दिलेत." ती म्हणाली, तक्रारीचा फॉर्म आहे, पाठवते.

चार नंबरला फोन केला. वाटलं, आता तासभर ऐकवणार. तर म्हणाली, "कधी निघतेस? सोबत येऊ का?" मी म्हटलं, नको. सही मी एकटीने केली होती.

७ मार्च, शुक्रवार

तीन तास बसने गेले. दुसरा मजला, निळं दार. बेल दाबली.

दार तिनेच उघडलं. हातात झाडांना पाणी घालायची झारी. केस पांढरेशुभ्र, गळ्याला सुती रुमाल, गाल चांगले भरलेले. मला बघून झारी हातातून सुटली आणि आम्हा दोघींच्या पायांवर पाणी. मग बराच वेळ आम्ही तशाच उभ्या, भिजलेल्या पायांनी.

तिने रुमाल बाजूला केला. गळ्याला भोक, त्यातून श्वास. कडा जुन्या, भरलेल्या. मी विचारलं, "कधी?" तिने पाटीवर लिहिलं. मुलांची असते तशी पाटी, गळ्यात दोरी बांधलेली. *दोन वर्षं झाली. खर्च सगळा खात्याने दिला.*

"आणि आता?"

*आता ठणठणीत. झाडं, भाजी, शब्दकोडी.*

ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. मला कळलं नाही. कळणार कसं? एकदाही विचारलं नव्हतं.

आवाहनाचं तिला माझ्या त्या फोनवरूनच कळलं. त्याआधी तिला एवढंच सांगितलं होतं की फोटो पेन्शनच्या कामाला हवा आहे. लोक देताहेत असं मी सांगत होते, तेव्हा भाचा तिच्या मागे येऊन उभा राहिला. नंतर तिने पाटीवर विचारलं, तर तो तिच्या पायाशी बसून रडला. त्या दिवसापासून फोनची वायर त्याच्या खिशात.

मी विचारलं, "चिठ्ठी का टाकली नाहीस?"

तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. *दवाखान्यात बेचाळीस दिवस तोच होता. नळी तो साफ करायचा.*

भाचा तेवढ्यात आला. मला बघून दारातच थिजला. मी एवढे दिवस त्याचा आवाज ओळखत होते. माणूस आवाजापेक्षा बारीक निघाला.

"मावशी, मी परत करणार होतो. दुकान पुन्हा उभं राहिलं की..."

"दुकान?"

"कर्ज होतं. आधी थोडंच मागायचं ठरवलं होतं. पण तुम्ही इतकं छान बोललात, ते थांबेचना. रोज येतच राहिलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही, मावशी. एकाने जरी विचारला असता ना..."

"चार नंबरने विचारला होता. तू अंगठा ठेवलास."

तो एकदम मान वर करून म्हणाला, "तुम्ही सगळ्या आत्याच्या आठवणींनी रडलात. खुर्च्या, दोऱ्या, टिचक्या. दोन वर्षांपूर्वी ती खरंच पडून होती, तेव्हा कुठे होतात? तुमच्यातली एक तरी आली? माझं चुकलंच. पण ती जिवंत आहे का, हे सुद्धा तुम्हाला माझ्याच फोनवरून कळलं ना?"

त्याच्या आवाजात खोट नव्हती. आवाजाला मी फसत नाही, हे मात्र पुन्हा कधी म्हणणार नाही. पहिल्या दिवशीही त्याची काळजी खरीच होती. चार नंबर म्हणाली तसं, कशाची ते मी विचारलं नव्हतं.

सात नंबरने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. त्याच्यासाठी होत्या. तो गप्प बसला.

मी तिला म्हटलं, "मला एक सांगायचंय. सस्पेन्शनच्या वेळी साक्षीदार म्हणून सही..."

तिने हात वर केला. पाटीवर लिहिलं: *माहीत आहे. ती वही मीही वाचली होती.*

तीस वर्षं हिला माहीत होतं. डब्यातली भाजी अर्धी मला देत होती.

"मग कान का नाही काढलास तू त्या दिवशी? नोकरी गेली असती."

तिने पाटी पुसली. मग सावकाश लिहिलं: *आवाज थांबला होता. लाईन चालू होती.*

८ मार्च, शनिवार

काल तिच्याकडेच राहिले. सकाळी तिच्या खिडकीजवळ बसून तिसरं बोलणं रेकॉर्ड केलं. आधी तिला विचारलं, "खरं सांगितलं तर लोक याला फाडून खातील. तुला त्याच्याबरोबरच राहायचं आहे. सांगू?"

तिने विचारलं, *किती लोकांनी दिलं?*

"चारशे बारा."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. भाचा स्वयंपाकघरात भांडी घासत होता, उगाचच, घासलेलीच पुन्हा. मग टेबलावर टक. एक.

एकदाच केलं, परत केलं नाही. म्हटलं: मी नऊ नंबर. ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय, खर्च खात्याने दिला होता. सात नंबर बरी आहे, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या नावाने मागितलेलं दुसरीकडे वापरलं गेलं. मी न बघता, न विचारता माझा आवाज दिला. आणि आम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहिलो असं मी म्हणाले होते, तेही खोटं. तिच्याविरुद्ध सही माझी होती.

छान वाक्य एकही सुचलं नाही. शेवटी फोन तिच्यासमोर धरला. तिने नखाने फोनच्या पाठीवर एक टिचकी मारली. तेवढंच.

भाच्याने स्वतःच्या हाताने ते पानावर चढवलं. खिशातून फोनची वायर काढून जागेवर लावली. कुणी सांगितलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

आठ दिवस शिव्या खाल्ल्या. "म्हातारीसुद्धा सामील" असं एकाने लिहिलं. "आमच्या आठवणीसुद्धा विकल्यात" असं त्या परदेशातल्या बाईंनी लिहिलं, ते जास्त लागलं. कंपनीने पान बंद केलं, उरलेलं ज्याचं त्याला परत पाठवलं. माझ्या फॉर्मला उत्तर आलं: "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." झेरॉक्सचं मशीन विकून भाचा बाकीचं फेडतोय आणि एका छापखान्यात कामाला लागलाय. काही जणांनी पोलिसांत तक्रार दिलीय. त्याने वकील केला नाही, बोलावतील तेव्हा जातो.

चार नंबरचं बोलणं आलं, चार सेकंदांचं. वाटलं, टोमणा असणार. लावलं तर शब्दच नाही. टक. संध्याकाळपर्यंत आणखी तीन आली. दोन नंबर, अकरा नंबर. एक कुणाचं ते कळलं नाही, नख कापलेलं असावं. या महिन्यात सगळ्या आळीपाळीने सात नंबरकडे जाणार आहेत. चार नंबर म्हणते, डबा ती नेणार, आणि आधी वास घेणार.

मी रोज चारला सात नंबरला फोन लावते. सून म्हणते, "आई, एकट्याच बोलताना फार छान दिसता." मी दिवसभराचं सांगते, ती नख वाजवते. दोन टिचक्यांचे अर्थ आता नीट विचारून घेते.

आज बोलता बोलता ती गप्प झाली. एक नाही, दोन नाही, तीनही नाही. मी दोनदा हाक मारली. पूर्वी झालं असतं तर कॉल संपला म्हणून दोरी ओढली असती. रिसीव्हर कानाला तसाच धरून बसले. लांबून नळाचा आवाज आला, मग झारीत पाणी पडल्याचा, मग पावलांचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुंड्या नऊ आहेत तिच्याकडे. घड्याळात बघितलं, सात मिनिटं.

मग टक. एक.

म्हटलं, "आहे गं. लाईनवरच आहे."